मी नापास केलेला पक्षी

संपादकांचं पत्र आलं, "तुमच्या नोकरीतल्या रंगीत आठवणी पाठवा." अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं. रंगाच्या कारखान्यातल्या आठवणी रंगीतच असणार, असा बाहेरच्यांचा एक गोड समज असतो. माझ्या आठवणींना मुख्यतः वास आहे. मी घरी आलो की बायको आधी मोरीत पिटाळायची आणि मग विचारायची, "आज कुठला?" म्हणजे आज अंगावर कुठला रंग आणलात. बनियन, रुमाल, कानाची पाळी, सगळं त्या दिवशीच्या लॉटप्रमाणे. बदलापूरला आमच्या आळीत धुणं वाळत पडलं की कंपनीत काय निघतंय ते शेजाऱ्यांना कळायचं.

मी शेड मॅचर होतो. हे काम लोकांना समजावून सांगताना माझं निम्मं आयुष्य गेलं, तर इथेही सांगतो. गिऱ्हाईक एक नमुना आणतं आणि म्हणतं, अस्सा रंग पाहिजे. मग पाच ग्रॅमची लडी घ्यायची, बीकरमध्ये रंगाच्या पाण्यात उकळायची, धुवायची, वाळवायची आणि नमुन्याशेजारी धरून बघायची. जमलं तर पास, नाही तर पुन्हा. सुताला मीठ लागतं, लोकरीला ॲसिड. नमुना म्हणून लोक काय वाट्टेल ते आणत. शालूचा तुकडा, बोगनवेलीचं फूल, गणपतीचा पीतांबर. एकाने बायकोची लिपस्टिक आणली होती आणि संध्याकाळच्या आत परत पाहिजे म्हणून तो लॅबच्या दाराशी बसून राहिला होता.

या कामाचे नियम मोजके. शेड बघायची ती उत्तरेच्या खिडकीत, सकाळी दहा ते बारा. ट्यूबलाइटखाली नाही, आणि उतरत्या उन्हात तर नाहीच, कारण त्या वेळी कुठलाही लाल गोड दिसतो. नमुना हातात धरल्याशिवाय मत द्यायचं नाही. आणि कार्डावर सही करायची ती त्याच दिवसाची तारीख घालून. आमच्या वर्क्स मॅनेजरांनी अनेकदा गोंजारून सांगितलं, "कर्णिक, हा लॉट गेल्या आठवड्यातला दाखवा, काय फरक पडतो?" मी कधीही मागची तारीख टाकली नाही. या एका गोष्टीचा मला इतका गर्व होता की बाकीच्या गोष्टींकडे बघायला वेळच उरला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. डिसेंबरात एक दिवस गोपालदास सेठ काड्यापेटी घेऊन आले. हे उल्हासनगर कॅम्प एकचे व्यापारी. आमच्याकडून रंग ड्रमने उचलायचे आणि तिथल्या रंगाऱ्यांना किलो-पावकिलोने विकायचे. मराठी आमच्याइतकंच येत होतं, पण धंद्याचा विषय निघाला की हिंदीत शिरायचे. काड्यापेटीतून त्यांनी एक पीस काढलं. गुलाबी. निळसर झाक असलेलं, झगझगीत गुलाबी.

"कर्णिकसाब, बिलकुल असाच पाहिजे. धूप में उडना नही मंगता."

"कसलं पीस आहे हे?"

"पंछी का. नाल्याच्या काठाला भेटला. क्या कलर है साईं! शादी के सीझन में आग लगेगी."

पीस म्हणजे लोकरीचं चुलत भावंड, म्हणून लोकरीची लडी घेतली. पहिल्याच बीकरला शेड तंतोतंत जमली. असं कधी होत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्या झटक्यात जमलेल्या शेड्स मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवीन. मग लक्षात आलं, हा रंग आपला ओळखीचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी एक लॉट जादा निळसर निघाला म्हणून मीच रिजेक्ट केला होता. रिजेक्ट लॉट चांगल्या मालात थोडाथोडा मिसळून जिरवायचा, असा कागदोपत्री नियम होता. हा मात्र जिरला होता नाल्यात, आणि नाल्यातून एका बगळ्यावर.

मी पीस घेऊन वर्क्स मॅनेजरांकडे गेलो. ते पिसाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "कर्णिक, तुम्ही शेड बघा. नाला बघू नका." मी मान डोलावली. घरी दोन मुली होत्या आणि बदलापुरातल्या ब्लॉकचं कर्ज होतं. मान आपोआपच डोलायची.

इकडे तो गुलाबी बगळा लोकांच्या नजरेत भरला होता. पालेगावच्या अलीकडे तेव्हा एक पाणथळ होतं, भोवती घाणेरीचं रान, आणि आमच्या नाल्याचं पाणी तिथेच पसरायचं. हिवाळ्यात तिथे बदकं, तुतवार, धोबी असे परगावचे पक्षी उतरत. त्यांना आमच्या पाण्याचं काय आवडायचं ते त्यांनाच ठाऊक. बगळ्याची बातमी मुंबईच्या पक्षी बघणाऱ्या एका मंडळापर्यंत पोचली आणि रविवारी सकाळी नाडकर्णी साहेब सातआठ जणांना घेऊन उतरले. विम्याच्या कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्याला थर्मास. पक्षी बिचकू नये म्हणून सगळे कुजबुजत होते. मागे कारखान्याचा भोंगा कानठळ्या बसवत होता, पण तो पक्ष्याला सवयीचा असावा.

"ही देशातली पहिली नोंद ठरू शकेल," नाडकर्णी साहेब कुजबुजले.

"साहेब, तो आपला साधा बगळा आहे," मागून आवाज आला. ते म्हात्रे गुरुजी.

गुरुजींची ओळख करून दिली पाहिजे, कारण ही गोष्ट त्यांची आहे. खरवईचे राहणारे, घर शेतकऱ्याचं, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. बदलापूरच्या वाचनालयात आमची गाठ पडायची. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती, पण शाळेतला उरलेला एक कोरा हजेरीपट होता. त्यात त्यांनी डाव्या बाजूला मुलांच्या जागी पक्ष्यांची नावं घातली होती आणि दर हिवाळ्यात रोजची हजेरी मांडत. धोबी हजर, तुतवार हजर, चक्रवाक गैरहजर. शेवटच्या रकान्यात शेरा. मंडळाची एक वार्षिक यादी निघायची, त्यात पक्ष्याच्या नावापुढे नोंद करणाऱ्याचं नाव छापत. गुरुजी आठ वर्षं नेमाने मंडळाला कार्डं टाकत होते. कार्ड गेलं की एखादे साहेब येऊन खात्री करून जायचे आणि यादीत छापून यायचं ते खात्री करणाऱ्याचं नाव. "एकदा तरी 'म्हात्रे, खरवई' असं छापून यावं," वाचनालयाच्या पायरीवर ते मला म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर लाजले होते.

तर त्या रविवारी गुरुजींकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही गंमत बघायला गेलो होतो. मग मी खिशातून लोकरीची लडी काढली आणि नाडकर्णी साहेबांच्या दुर्बिणीसमोर धरली. काय मजा आली म्हणून सांगू! देशातली पहिली नोंद पाच ग्रॅम लोकरीत उतरली होती. साहेबांचा चेहराही थोडा त्या शेडला गेला.

"हा रंग येतो कुठून?" त्यांनी विचारलं.

मी बेधडक सांगितलं, "उल्हासनगरच्या रंगाऱ्यांचा."

आता पाणी अंबरनाथहून उल्हासनगरकडे वाहतं. ते उलटं वर चढत नाही. मुंबईच्या मंडळींना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, गुरुजींना मात्र जन्मापासून माहीत होतं. त्यांनी एकदा नाल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धोतराला चिकटलेलं कुसळ काढत बसले. पुढे ही गोष्ट गोपालदास सेठच्या कानावर गेली. ते लॅबमध्ये येऊन एवढंच म्हणाले, "माल आपका, नाला आपका, और नाम हमारा?" मी त्यांना चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

बगळा काही महिने दिसत राहिला. मग पिसं झडून पांढरा झाला असेल किंवा मेला असेल, मी चौकशी केली नाही. कारण मधल्या काळात मी मोठा माणूस झालो होतो. मंडळाने मला चक्क तज्ज्ञ करून टाकलं. कुठेही जरा वेगळ्या रंगाचा पक्षी दिसला की नाडकर्णी साहेबांचं पत्र यायचं, डाग आहे का ते कळवावे. पिवळी साळुंकी आली, ती हळदीच्या गिरणीतली निघाली. हिरवं कबुतर आलं, ते होळीचं निघालं. एकदा तोंड पोळलेली मंडळी आता ताकच काय, पाणीसुद्धा मला विचारून पीत होती. मीही पत्रांना उत्तरं लिहू लागलो होतो, तीही इंग्रजीत.

त्यानंतर दोनतीन हिवाळे गेले असतील. नव्वदी लागली होती. गुरुजी वाचनालयात माझ्या शेजारी येऊन बसले.

"कर्णिकसाहेब, पालेगावच्या त्या घाणेरीत एक पक्षी आलाय. चिमणीएवढा, अंगाने मातकट. पण गळा लाल. लाल म्हणजे कसा, डाळिंबाचा दाणा. अकरा दिवस झाले, रोज शाळेआधी जाऊन बघतो. क्षणभर बाहेर येतो, शेपूट उभारतो आणि परत आत." आणि मग आवाज खाली आणून ते त्यांच्या घरच्या बोलीत आले, "मी तसा पाखरू कदी बगितला नाय वो."

कार्ड गेलं. नाडकर्णी साहेबांचं उत्तर आलं, की असा पक्षी पुस्तकात आहे, पण तो सैबेरियातून हिवाळ्यात आसाम-बंगालच्या बाजूला उतरतो. अंबरनाथला त्याचं काय काम? तरी रविवारी येतो, सोबत कर्णिकांना ठेवा.

साहेबांना यायला उशीर झाला. आम्ही पाणथळीशी पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. ऊन पिवळं, तिरपं. त्या दिवशी नाल्यात आमचाच एक लाल वाहत होता. गुरुजींनी बोट केलं आणि घाणेरीच्या बुडाशी तो पक्षी आला. नाडकर्णी साहेबांनी दुर्बीण माझ्या हाती दिली. मी बघितलं असेल चारपाच सेकंद. उत्तरेची खिडकी नाही, दहाची वेळ नाही, नमुना हातात नाही. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माणसाला आपल्या तोंडाकडे बघणारी माणसं फार आवडतात.

"आमच्या... म्हणजे नाल्यातला आहे," मी म्हणालो. "पाणी पिताना गळा बुडतो. रंगलेला पक्षी."

नाडकर्णी साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी शाळेत मुलाला विचारावं तसं, शांतपणे विचारलं, "पण साहेब, लाल गळ्याला लागूनच दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा आहे. पाणी पिताना तो कसा कोरा राहिला?"

हा प्रश्न खरं तर मी विचारायचा होता. ओल्यावर रंग सांडला की पसरतो, कड फिकट होत जाते. लॅबमध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवत असे. ज्याची कड कात्रीने कापल्यासारखी असते, तो डाग नसतो. पण दहाबारा माणसांदेखत एका प्राथमिक शिक्षकाने मला रंगाबद्दल प्रश्न विचारला होता. मी हसून म्हणालो, "गुरुजी, त्याला ॲफिनिटी म्हणतात. ते जरा टेक्निकल आहे."

गुरुजींनी हजेरीपट उघडला आणि तो शब्द मला पुन्हा उच्चारायला लावून लिहून घेतला. मग म्हणाले, "असेल. तुमचा विषय आहे."

त्या वर्षीच्या यादीत म्हात्रे, खरवई हे नाव आलं नाही. शेवटच्या पानावर एक गमतीचं टिपण आलं, नाल्याने रंगवलेल्या पक्ष्यांपासून सावध राहा असं. त्यात तज्ज्ञ मार्गदर्शनाबद्दल माझे आभार मानले होते. नाव छापलं गेलं ते माझं. मी तो अंक कंपनीत सगळ्यांना दाखवला.

पुढे कंपनी बंद पडली. मालकांनी यंत्रं गुजरातेत नेली आणि आमच्या हातात हिशेबाची पाकिटं दिली. सव्वीस वर्षं रोज सकाळी दहाला खिडकीशी उभं राहायची सवय, ती काही पाकिटात घालून देता येत नाही. मी सकाळी अंबरनाथला उतरून उगाच जुन्या वाटांनी हिंडायचो. बायको म्हणायची, "कंपनी गेली, पण तुम्ही अजून ड्यूटीवरच."

दुसऱ्या हिवाळ्यात असाच पालेगावकडे गेलो होतो. पाणथळ निम्मं भरावाखाली गेलं होतं, पलीकडे इमारतीचे खांब उभे राहिले होते. घाणेरीचा एक पट्टा शिल्लक होता. नाल्याला आता साबणाचं पांढुरकं पाणी यायचं. दीड वर्षात त्यातून लाल रंगाचा थेंब गेला नव्हता, हे माझ्याइतकं खात्रीने कोण सांगणार? सकाळचे दहा वाजून गेले होते. ऊन पाठीमागून, स्वच्छ, पांढरं. आणि घाणेरीच्या बुडातून तो बाहेर आला. दहा पावलांवर. शेपूट उभारली, मान वर केली.

गळा लाल होता. डाळिंबाचा दाणा. दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, कोरे करकरीत. मधली कड अशी, की छापखान्यातल्या उत्तम कारागिराने मान खाली घालावी. असा लाल आमच्या कंपनीने कधीच काढला नव्हता. निळसर नाही, पिवळसर नाही. मी जन्मभर बीकरमध्ये जो शोधत होतो, तो एवढ्याशा जीवाच्या गळ्याला फुकट लागला होता. तो आत गेला तरी मी तिथेच उभा राहिलो. मला सरळ सरळ लाज वाटत होती.

तिथून मी तडक बदलापूर गाठलं आणि पायी खरवईला गेलो. गुरुजी निवृत्त झाले होते. घराच्या तिन्ही बाजूंनी नव्या इमारती आल्या होत्या. ओसरीवर ते बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "गुरुजी, तो पक्षी खरा होता. मी आज बघितला. माझी चूक झाली."

त्यांनी बायकोला आतून हजेरीपट आणायला सांगितला. पान त्यांना न बघता सापडलं. डावीकडे नाव: नवीन, लाल गळा. समोर त्या वर्षीचे अकरा दिवस हजर, पुढचेही हजर, मग तो रविवार, हजर. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हजर. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही. मग डोळे गेले असावेत, कारण पुढे रकाने कोरे होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पुढच्या वर्षी तुमची कंपनी संपामुळे दोन महिने बंद होती. नाल्यात रंग नव्हता, तरी याचा गळा लालच. तेव्हा कळलं. मंडळाला तीन कार्डं टाकली. उत्तर आलं, तज्ज्ञांचं मत घेतलेलं आहे."

"पण मला का नाही सांगितलंत? वाचनालयात तर भेटत होतो आपण."

गुरुजी म्हणाले, "पक्ष्याचा विषय काढला असता तर नाल्याचा निघाला असता. तुमची नोकरी होती."

आतून त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. माझ्याने कप उचलवेना. गुरुजींनी बोटाने चाचपत शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात होतं, 'तज्ज्ञांचे मत: रंगलेला. कारण: ॲफिनिटी.'

"एक विचारू? या शब्दाचा अर्थ काय हो? तेव्हा लिहून घेतला, पण कळला नाही. शिक्षक माणूस, अर्थ माहीत नसला की बरं वाटत नाही."

रंगाला धाग्याची ओढ असते, एखाद्या धाग्याला धरतो, एखाद्याला धरत नाही, असं काहीतरी मी सांगायला लागलो. मग थांबलो. "त्या दिवशी त्याचा अर्थ काहीच नव्हता, गुरुजी. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इंग्रजी शब्द टाकला."

"मग खोडा," ते म्हणाले.

मी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'गळ्याचा रंग पक्ष्याचा स्वतःचा. तपासला. पास.' नेहमीसारखी सही केली. गुरुजींनी हजेरीपट नाकापाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. काही दिसलं असेल असं वाटत नाही.

"तारीख कुठली टाकलीत?"

"आजची."

त्यांनी हजेरीपट माझ्याकडे परत सरकवला. मग शाळेतला आवाज गेला आणि घरचा आला.

"आजची नको साहेब. त्या रविवारची टाका. तवा पन तो लालच व्हता."

मी आजची तारीख खोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मागची तारीख टाकली.